बोरीच्या वाळूतली सुटी

उन्हाळा लागला की आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कोकणाचे बेत शिजायला लागतात. कुणी हर्णैला, कुणी गुहागरला, कुणी थेट तारकर्लीला. मला विचारलं की मी अमळनेर म्हणते, आणि समोरच्या बाईंचा चेहरा पडतो. ऐन वैशाखात जळगाव जिल्ह्यात? त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत? त्यांना जिन्यात उभं राहून सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या गावात वाळू आहे, नदी आहे, पाळणे आहेत, आणि सुटीवर आलेलं अख्खं गाव आहे. समुद्र तेवढा नाही. पण आमची बोरी नदी तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला, म्हणजे तोही अगदीच परका नाही.

संत सखाराम महाराजांची समाधी बोरी नदीच्या पात्रातच आहे. 2018 साली समाधीला दोनशे वर्षं झाली तेव्हा गाव पाहुण्यांनी फुलून गेलं होतं. एरवीही दरवर्षी अक्षय तृतीयेपासून यात्रेची चाहूल लागते, वैशाख शुद्ध एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. यात्रा भरते ती नदीच्या वाळवंटात. उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं, म्हणून तिथे दुकानं लागतात, उंच पाळणे उभे राहतात, मौत का कुआँ येतो, भांड्यांच्या राशी पडतात. गोडीशेव तर ढिगाने. दिवसा तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. ऊन कललं की पेठेतून, झामी चौकातून, पैलाडमधून माणसं खाली उतरायला लागतात आणि रात्री उशिरापर्यंत वाळूवरून हलत नाहीत. लहानपणी आम्ही चपला हातात घेऊन चालायचो, कारण वरची वाळू अजून कोमट असते आणि पाय रुतला की खाली गार लागते. माझी मुलगीही तसंच करते. तिला कुणी शिकवलं नाही.

खान्देशातल्या बायकांसाठी ही सुटी आखाजीपासूनच, म्हणजे अक्षय तृतीयेपासूनच सुरू होते. आखाजीला सासुरवाशीण माहेरी आलीच पाहिजे. दारी पितरांच्या नावाने घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस करायचा, गौराईची गाणी म्हणायची, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं. अमळनेरची लेक आखाजीला आली की यात्रा बघितल्याशिवाय सासरी जात नाही, असा आमच्याकडे रिवाजच आहे. सुरतेला कापडाच्या कामावर गेलेली माणसंही याच दिवसांत परततात. सुरत-भुसावळ लाइनवरची गाडी अमळनेर स्टेशनात शिरते तेव्हा दारात लटकलेले, खिडकीतून पिशव्या बाहेर देणारे, सगळे ओळखीचे असतात. रिक्षावालासुद्धा पत्ता विचारत नाही. "कव्हय उनी व माय?" म्हणजे कधी आलीस गं, एवढं अहिराणीत विचारतो आणि वहिनीच्या दारात नेऊन सोडतो.

आता रथाचं सांगते, कारण माझा जीव त्यात आहे.

लालजींची मूर्ती ठेवलेला तो लाकडी रथ संध्याकाळी सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानातून निघतो आणि रात्रभर गावात फिरतो. ओढायला शेकडो हात असतात, पण तो चालवतात मोगरीवाले. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायची लाकडी पाचर. रथाला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना ओटे, वर विजेच्या तारा, आणि पुढे ओढणाऱ्यांना जोर चढलेला. अशा वेळी फिरत्या चाकाजवळ वाकून नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात मोगरी लावायची. डावीकडे लावली की रथ डावीकडे वळतो, दोन्हीकडे लावली की थांबतो. क्षणभर उशीर झाला तर कुणाचा ओटा जाईल, कुणाचा पाय. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली माणसं करतात. आमच्या गल्लीतले नाना त्यांतले एक होते. एरवी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे, कुणाशी फार बोलायचे नाहीत. एकादशीच्या रात्री मात्र त्यांच्या एका हाताच्या इशाऱ्यावर सगळा जमाव गप्प व्हायचा. वाण्याचा, माळ्याचा, शिंप्याचा, भोयाचा, कुणाचाही मुलगा दोराला असो, नानांनी हात वर केला की दोर सैल. खान्देशात रथ गावोगावी आहेत. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रामरथ तर लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथे फुलं वाहिली जातात आणि मगच पुढे जातो. सगळीकडे हीच शिस्त, आणि ती कुठल्या वहीत लिहिलेली नाही.

आमच्या घरापुढून रथ मध्यरात्र उलटून गेल्यावर जायचा. आजी आम्हाला झोपू द्यायची, पण उठवायची नक्की. दारात सडा, रांगोळी, निरांजन. शेजारच्या दाऊदी बोहरा कुटुंबातल्या बाई गच्चीवरून बघायच्या आणि त्यांच्याकडून ओढणाऱ्यांसाठी माठ भरून सरबत यायचं. घामाने भिजलेली पोरं ते गटागट प्यायची आणि पुन्हा दोराला लागायची.

बाहेरच्या लोकांना अमळनेर माहीत असतं ते वेगळ्या कारणांनी. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, छात्रालयातल्या मुलांचं सगळं करत होते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या देणगीतून 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्याने विप्रोची सुरुवात झाली ती इथेच, आणि त्या वेळी घेतलेले शेअर न विकता सांभाळून ठेवणारी घरं पुढे श्रीमंत झाली. या सगळ्याचा मला अभिमान आहे. तरी मला वाटतं, ज्या गावाला रात्रभर एक रथ मिळून ओढायची सवय आहे, त्याच गावात शाळा, कॉलेज, वाचनालय अशी कामं टिकतात. फेब्रुवारी 2024 मध्ये बहात्तर वर्षांनी पुन्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे झालं, आणि त्याच दिवसांत त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही. एका गावात दोन्ही मांडव! माझा भाऊ सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे जायचा. वहिनीने दोन्हीकडच्या पाहुण्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला.

एका गोष्टीने मात्र मी बेचैन आहे. वाळू कमी होतेय. वरच्या अंगाला तामसवाडीला धरण आहे, पुरात येणारी नवी वाळू पूर्वीसारखी येत नाही, आणि आहे ती रात्री ट्रॅक्टरने उपसली जाते. पात्रात खड्डे पडलेत, काही ठिकाणी नुसते गोटे आणि बाभळी दिसतात, गटाराचं पाणी मधूनच वाहतं. यात्रेआधी जेसीबी लावून जागा सपाट करतात, मुरूम टाकतात, पण मुरमावर पाळणा उभा राहिला तरी मुलं बसायची कुठे? पूर्वी नदीत डांगरांच्या वाड्या असायच्या. आता डांगरं बाजारातून आणावी लागतात. रथ जपायला माणसं आहेत, मंदिर जपायला संस्थान आहे. वाळूला मात्र कुणी वाली नाही, आणि वाळू गेली तर यात्रा एखाद्या पटांगणात हलवावी लागेल. तसं होऊ नये म्हणून आमच्या गल्लीतली काही पोरं रात्री पुलावर थांबतात, ट्रॅक्टर उतरला की फोन करतात. त्यांना शिव्या पडतात, धमक्या येतात. तरी थांबतात. मला त्या पोरांचं फार कौतुक आहे.

नाना आता नाहीत. त्यांच्या पुतण्याने मोगरी हाती घेतली आहे. मी त्याच्याबरोबर बसून जुन्या मोगरीवाल्यांची नावं, कुणी कुणाला शिकवलं, कोणत्या वळणावर किती मोगऱ्या लागतात, हे सगळं वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. वाडीपासून बाजारापर्यंतची वळणं झाली, पुढची राहिलीत. या आखाजीला ती पूर्ण करायची. तुमच्या घरी रथाचा, वाळवंटातल्या यात्रेचा, डांगरवाडीचा जुना फोटो असेल तर मला पाठवा. मागे साल आणि माणसांची नावं लिहिलेली असली तर आणखी उत्तम. आणि यंदा यायचं असेल तर एकादशीच्या आदल्या दिवशीच या, कारण रथाच्या संध्याकाळी स्टेशनपासून गावात शिरायला वाट मिळत नाही. उतरायला आमचं घर आहे, गच्ची मोठी आहे, अंथरुणं भरपूर आहेत.