शून्य रोपं

पिठोरी अमावास्येचं उधाण. दुपारी एकच्या सुमारास भांडुपच्या खाडीकाठी बांधावर उभी होते. छत्री मिटलेलीच, कारण त्या वाऱ्यात ती उघडणं म्हणजे खाडीला देणं.

समोरचं खाजण मी तीन वर्षं मोजत होते. खरं तर मेलेली रोपं मोजत होते. तिथे कुणीतरी गाजावाजा करून ओळीत कांदळ (खारफुटीची एक जात) लावलं होतं. कांदळाची लांब शेंग चिखलात खुपसली की काम झालं, फोटोतही ओळी छान दिसतात. पण ही जागा उंचावर, पाणी पोचायचं ते उधाणालाच. राडारोड्याने नाळ, म्हणजे खाडीचं पाणी आत आणणारा ओहोळ, बुजल्यापासून तेही बंद. मे महिन्यात चिखलातल्या पाण्याचा खारेपणा बघितला, तर हजारी ६२! समुद्राचा साधारण ३५ असतो. दुसऱ्या उन्हाळ्यात ओळींच्या जागी नुसत्या काड्या.

मी तरी कुठे शहाणी? कोणती जात तगेल याचे तक्ते करत बसले होते. चिंबोऱ्या धरायला येणारे काका एकदा वैतागले, "झारां काय मोजतेस बाय? पानी कुठं अरलंय ते बघ."

कांदळवनात फावडं मारायलाही परवानगी लागते आणि लागायलाच हवी. २००५ साली उच्च न्यायालयाने तोड आणि भराव थांबवला, म्हणून निदान एवढं तरी उरलंय. पण कागद हलायला आठ महिने गेले. नाळ मोकळी करायला सहा माणसांना चार दिवस पुरले.

तर त्या दुपारी पाणी नाळेतून वर आलं. आधी फेस, मग थर्माकोल, एक चप्पल (मुंबई आहे), आणि त्यामागून तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्याच दुसऱ्या जातीच्या बिया. आधी दोन-चार, मग पसाभर, मग मोजायचं सोडून दिलं. एक उचलली. बदामाएवढी. तिवराचं बी झाडावरच सालीच्या आत रुजायला लागतं, पाण्यात पडलं की साल सुटते. हिची अर्धी सुटली होती. आत दोन जाड हिरवी दलं एकात एक घडी घालून बसलेली, टोकाला केसाळ मूळ बाहेर डोकावणारं. नखाने उरलेली साल काढायचा मोह झाला. नाही काढली.

संध्याकाळी ओहोटीला परत गेले. चिखलात निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारत होत्या. एक मीटरच्या चौकटीत ३१ बिया चिखलाला टेकल्या होत्या, मेलेल्या कांदळाच्या काड्यांमधोमध.

महिनाअखेरच्या अहवालात 'लावलेल्या रोपांची संख्या' असा रकाना असतो. मी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, आकडा टाकायचा राहिलाय का?"

"नाही, शून्यच आहे."

"मग फोटो कशाचा लावू?"

"नाळेचा लावा."

त्यांनी जुन्या ओळींचाच लावला.