अल्टिमेट राहू द्या मामा, ३२ बिट घ्या

परवा एका मित्राने विचारलं, जुना डेस्कटॉप पडून आहे, विंडोज ७ टाकायचंय, त्याची स्वस्तातली होम बेसिक एडिशन टाकू का सगळ्यात वरची अल्टिमेट? मी म्हटलं आधी सांग, त्यावर चालवायचं काय आहे? कारण हाच घोळ आमच्या सांगलीच्या मामांनी २०१४ मध्ये घालून ठेवला होता आणि निस्तरायला मी गेलो होतो.

मामांचं हळदीचं अडत दुकान. जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपणार म्हणून दुकानदाराने घाबरवलं, नवा पीसी गळ्यात मारला आणि त्यात "सगळ्यात वरचं" म्हणून अल्टिमेट ६४ बिट टाकून दिलं (विंडोज ७ हे ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत यायचं, ६४ बिटवाल्याला जास्त रॅम वापरता येते). दिसायला झकास, काचेसारख्या खिडक्या वगैरे. पण मामांचा सगळा हिशोब, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी, हे सगळं कोणीतरी नव्वदच्या दशकात लिहून दिलेल्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्यावरच्या, फॉक्सप्रो प्रोग्राममध्ये, आणि तो काही केल्या उघडेना. उघडणारही नव्हता, कारण ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे जुने प्रोग्राम चालतच नाहीत, मग एडिशन अल्टिमेट असो नाहीतर होम बेसिक. दुकानदार म्हणे प्रोग्राम खराब झालाय, नवीन घ्या. बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभे आणि मामा हाताने पट्ट्या लिहीत बसलेले.

आता पर्याय दोन. एक म्हणजे प्रोफेशनल किंवा अल्टिमेटमध्ये मिळणारा एक्सपी मोड, म्हणजे विंडोज ७ च्या पोटात एक आख्खं एक्सपी चालवायचं. होम बेसिकला आणि होम प्रीमियमलाही तो मिळत नव्हता. पण ज्या एक्सपीचा सपोर्ट संपला म्हणून एवढा खटाटोप केला तेच परत आत आणून बसवायचं, आणि रोज सकाळी ते सुरू व्हायची वाट बघत बसायचं, मला काय पटेना. दुसरा म्हणजे सरळ होम बेसिक ३२ बिट. भारतासारख्या देशांसाठीच काढलेली स्वस्त एडिशन, काचेचा इफेक्ट नाही, मीडिया सेंटर नाही, डोमेन, म्हणजे ऑफिसातलं सगळ्या पीसींचं एकत्र नेटवर्क, जोडता येत नाही, पण अडत दुकानात डोमेन कोण जोडतंय? ओईएम पॅकात, म्हणजे नव्या पीसीबरोबर विकल्या जाणाऱ्या पॅकात, ३२ किंवा ६४ यातली एकच डिस्क यायची, त्यामुळे घेतानाच बघून घ्यावं लागायचं, नंतर ६४ वरून ३२ वर यायचं म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकणं आलं. मी तेच केलं, फॉक्सप्रोचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून, अल्टिमेट पुसून.

प्रोग्राम पहिल्या झटक्यात उघडला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र नवीन, यूएसबीवाला, आणि प्रोग्रामला एलपीटी१, म्हणजे प्रिंटरचा जुना पोर्ट, सोडून काही कळत नाही. मग प्रिंटर शेअर केला आणि नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडला, आणि कर्रर्र करत पहिली पट्टी बाहेर आली.

मामांनी लगेच दुसरी तक्रार काढली, "अरे पैसे चार जीबीचे दिलेत, इथं तर सव्वातीनच दिसतंय की!" आता ३२ बिटमध्ये चार जीबी रॅम पूर्ण वापरता येत नाही हे कसं सांगायचं? मी म्हटलं, मामा, घट धरलीय. ते मात्र लगेच पटलं.

मित्राला एवढंच सांगितलं, तसलं जुनं काही चालवायचं नसेल आणि रॅम चार जीबीच्या वर असेल तर ६४ बिट टाक, होम बेसिकला ८ जीबीपर्यंत चालतं, प्रीमियमला १६. आणि १४ जानेवारी २०२० पासून ७ चाही सपोर्ट बंद आहे, तेव्हा त्यावर बँकेचं काही करू नको.

मामांचं अजून एक दुखणं राहिलंच. विंडोज ७ मध्ये डॉसचा प्रोग्राम फुल स्क्रीन होत नाही. मी खिडकीचा फॉन्ट मोठा करून दिला, पण हाताची सवय जाते का, रोज सकाळी मामा ऑल्ट-एंटर दाबतात, जमत नाही असा मेसेज येतो, तो बंद करतात आणि पहिल्या गाडीचं वजन टाकायला घेतात.