गाय उजवी, मग माकड कुणाचं?

क्रिस्टॉफ डोन्ट आणि गॉर्डन हॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ सालचा एक अभ्यास मध्यंतरी वाचनात आला. अभ्यासातली माणसं बेल्जियमची. उजव्या विचारांचे लोक मांस जास्त खातात, प्राणी माणसाच्या वापरासाठीच आहेत हे त्यांना सहज पटतं आणि शाकाहाराचं वारं म्हणजे आपल्या रीतीभातींवर घाला असं वाटतं, असा त्याचा निष्कर्ष. तिकडे असेलही. हे दोघे मालवणात आले तर पहिल्याच टपरीवर गोंधळतील.

आमचे भाऊकाका पक्के उजवे. स्कूटरवर गोमातेचं स्टिकर, आणि पिशवीत सुरमई. मासा हा प्राणी आहे, हे आमच्याकडे कुठल्याच पक्षाच्या गावी नाही. त्यात १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी तर गाय उपयुक्त पशू आहे, तिला पाळा, पुजू नका, असं सांगितलेलं. हे काकांना ऐकवलं की ते पेपर उघडतात.

गंमत इथपर्यंतच. राज्यात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, म्हैस तेवढी बाहेर राहिली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. काकांच्या गोठ्यात एक म्हातारा बैल आहे. दात झिजलेत, पेंढा तोंडात घोळवतो आणि अर्धा खाली सांडतो. पुढचे गुडघे सुजलेत, उठताना आधी मान टेकवतो. नांगरणी पॉवर टिलर करतो. पूर्वी असा बैल व्यापारी घेऊन जायचा, त्या पैशांत भर घालून नवा यायचा. आता गिऱ्हाईकच नाही. काहीजण रात्री हायवेला सोडून येतात. काका नाही सोडत, हे मात्र मानलं पाहिजे.

"कायदो बरो असा," ते म्हणतात, "पण पेंढो कोण देतलो?"

३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गायीला राज्यमाता केलं, दिवसाला ५० रुपये अनुदानही ठरलं. पण ते गोशाळेतल्या गायींना. काकांचा बैल ना गाय, ना गोशाळेत.

मुंबईचा माझा चुलतभाऊ डावा. त्याला ही बंदी म्हणजे लोकांच्या ताटात घातलेला हात वाटते. ठीक. पण माकडांनी आमची शहाळी भोकं पाडून खाली टाकली की तोच "आपणच त्यांच्या जंगलात घुसलोय" म्हणून लिहितो. तो दादरला राहतो, माड आमचे. माझ्या मते ज्याच्या त्याच्या विचारसरणीने आपापला प्राणी निवडून ठेवलाय, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या दारात बांधलेला असतो.

गेल्या ग्रामसभेत माकडांवरून सगळे पक्ष एका सुरात बोलले. दर शनिवारी मारुतीला तेल घालणारेसुद्धा "बंदोबस्त करा" म्हणून ओरडत होते. वनखात्याला पत्र द्यायचं ठरलं. बैलांचं कुणी काढलं नाही, निवडणूक तोंडावर होती.