दस्त्याचं बेडिंग घरी करताना

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत चढतो आणि जुलै लागला की लाकडी दारं चौकटीत अडकायला लागतात. माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलचा सागवानी दस्ताही तीच हवा खातो. उन्हाळ्यात रायफलचा धातूचा भाग दस्त्याला धरणारे स्क्रू ढिले पडायचे, पावसाळ्यात लाकूड फुगून धातूला रेटायचं. छर्रा तोच, नेम धरायची साइट तीच, तरी ऋतू बदलला की टार्गेटवरचा छर्‍यांचा गट दुसरीकडे सरकलेला. त्यावर उपाय म्हणजे बेडिंग: धातू आणि दस्ता यांच्यामध्ये एपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचा, भराव घालून धातूला पक्की बैठक द्यायची.

स्प्रिंगच्या रायफलीत हा त्रास जास्तच. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे सरकते आणि पिस्टन टोकाला थांबताना ती पुढे झटका खाते. दोन्ही धक्के तीन स्क्रूंवर येतात. त्यांच्या डोक्याखालचं लाकूड दबत जातं; स्क्रू आवळला की आणखी दबतं. दहा मीटरच्या टार्गेटवर नऊचं कडं साडेपाच मिलिमीटरचं असतं. तिथे धातू दस्त्यात केसभर हलला तरी कागदावर दिसतं.

खात्री करायला एक साधी तपासणी केली. धातू आणि लाकूड भेटतात त्या फटीवर बोट ठेवायचं आणि ट्रिगर गार्डचा, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याचा, स्क्रू हळूहळू ढिला करायचा. बोटाखाली हालचाल लागली, तर स्क्रू धातूला वाकवून बसवतोय असं समजायचं. माझ्या बोटाला ती स्पष्ट लागली.

सुताराकडे गेलो तेव्हा श्रावण चालू होता. मिस्तरींनी दस्ता हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "लाकूड आते वलं से भाऊ, दिवाई जाऊ दे." त्यांचं ऐकलं. ओल्या लाकडावर बेडिंग केलं तर ते सुकल्यावर भराव आणि लाकडाचं जमत नाही. भर उन्हाळ्यात एपॉक्सी हातातच घट्ट व्हायला लागते. खानदेशात या कामाला दिवाळीनंतरचे दिवसच खरे.

पटाशीने मागच्या बाजूचं लाकूड थोडं खरवडून भरावाला जागा केली. ट्रिगर गार्डच्या स्क्रूभोवती लेथवाल्याकडून कापून आणलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवली, म्हणजे आवळण्याचा जोर लाकडावर न येता नळीवर येतो. हे काम सोपं. खरा घाम फुटतो तो मेण लावताना. धातूवर जिथे मेण पोचलं नाही तिथे एपॉक्सी कायमची चिकटते आणि मग दस्ता फोडूनच रायफल निघते. मेण म्हणून बिनरंगाचं बूटपॉलिश पातळ थरांत लावलं, प्रत्येक थर वाळू दिला, स्क्रूच्या आट्यांतही लावलं. ट्रिगरची खाच आणि बारीकसारीक भोकं मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवली, कारण भोकात शिरलेली एपॉक्सी वाळल्यावर खिळ्यासारखी अडकते, तिथे मेणही उपयोगाचं नाही.

एपॉक्सी म्हणून हळू वाळणारं अ‍ॅरल्डाइट घेतलं. थंडीत ते घट्ट होतं, म्हणून डब्या आधी उन्हात ठेवल्या. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा चाळलेला भुगा मिसळला. हा भराव खरवडलेल्या जागेत घातला. मग रायफल आत ठेवली, आणि इथे हाताला आवर घालावा लागतो. स्क्रू आवळायचा मोह होतोच, पण आवळले तर जो ताण काढायला बसलो तोच भरावात कायमचा गोठतो. स्क्रू फक्त जागा दाखवण्यापुरते ठेवले आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी रायफल हलकी बांधली. बाहेर आलेला भराव ओला असतानाच पुसला.

दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीने हलके ठोके दिले. धातू सुटला तेव्हा जीव भांड्यात पडला. भरावात हवेचे दोन-तीन बुडबुडे होते, ते परत भरले.

हे सगळं ४.५ मिलिमीटरच्या, बिनपरवान्याच्या एअर रायफलपुरतं आहे. काडतुसाच्या रायफलीला घरी हात लावू नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. ती परवानाधारक कारागिराकडेच द्यावी.

आता स्क्रू ढिला करताना बोटाला काही लागत नाही. पुढचा उन्हाळा आणि त्यानंतरचा पाऊस दोन्ही गेले, साइटला हात लावावा लागला नाही. पुढचे दोन स्क्रू मात्र अजून नुसत्या लाकडावर आहेत. त्यांच्याखाली वाटीसारखे वॉशर बसवायचे आहेत.