तोरणमाळ, इलेक्ट्रिक गाडी आणि नसलेली स्टेपनी

गाडी घेताना शोरूममधला पोरगा छातीठोकपणे म्हणाला होता, "स्टेपनी कशाला सर, पंक्चर किट दिलंय ना!" त्याला एकदा राणीपूर-म्हसावद रस्त्यावर भर दुपारी उभं करायचंय मला.

जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा करत वर सातपुड्यातल्या तोरणमाळला गेलो. चार्जिंगची उगाच धास्ती घेतली होती. घाट उतरताना तर बॅटरी उलट भरत होती. यशवंत तलाव, थंडी, मुक्काम, सगळं छान. ते सोडा.

राणीपूर मागे पडलं आणि मागचं डावं चाक खड्ड्याच्या धारेवर आपटलं. स्क्रीनवर हवा ३४ वरून २०, मग ९. टायरची बाजू दोन बोटं फाटलेली. किटमधलं सीलंट (भोक बुजवणारं पातळ औषध) भरून कॉम्प्रेसर लावला, तर ते ताकासारखं डांबरावर सांडलं. सावलीत बसून पुस्तिका वाचली: किट फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या खिळ्याएवढ्या भोकासाठी. बाजू फाटली की खेळ खलास.

माणसं जमली. एकाने चाकाला हात लावून निकाल दिला, "गाडी जड शे भाऊ." पिकअपवाला साखळी घेऊन आला, त्याला हात जोडले. माझ्या गाडीत मोटर पुढच्या चाकांवर. ती चाकं जमिनीवर फिरवत ओढली की मोटरही फिरते आणि बिघाड होऊ शकतो. अशी गाडी पाठीवर घालूनच न्यायची. हेल्पलाइनचा ट्रक "चार तासांत". शेवटी एका रिकाम्या ट्रकवाल्याने बांधाला ट्रक लावून गाडी चढवून घेतली. शहाद्यापर्यंत सहा हजार म्हणाला, साडेचारवर आला. तेही जास्तच. भाडं गाडी चढवायच्या आधी ठरवा, चढवल्यावर तुम्ही त्याच्या हातात.

शहाद्यात तीन दुकानं फिरलो, १८ इंची टायर कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी मेहुणा धुळ्याहून घेऊन आला.

तेव्हा सातपुड्यात जाणार असाल तर स्टेपनी घ्याच. डिकी भरली तर बॅगा कमी करा. रिमची भोकं जुळतात का, ब्रेकला घासत नाही ना, हे घरीच लावून बघा. बाहेरचा घेर बाकीच्या चाकांएवढाच हवा. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० किमीची वेगमर्यादा छापलेली असते, ती पाळा. जॅक गाडीच्या वजनाला पेलणारा घ्या आणि खाली जाड फळी ठेवा, काळ्या मातीत तो रुततो. आणि जॅक कुठेही लावू देऊ नका. गाडीच्या पोटात बॅटरी आहे, कडेला खुणा केलेल्या असतात तिथेच लावायचा. गावातल्या पंक्चरवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, स्वतः वाकून दाखवा. चाकाला लॉक नट (खास चावीनेच निघणारे) असतील तर त्यांची चावी गाडीतच ठेवा. माझी घरी कपाटात होती!

काटा किंवा खिळा असेल तर आधी भोकात रबरी पट्टी मारा, सीलंट अगदी शेवटी. आत तो चिकटा झाला की पंक्चरवाले तोंड वाकडं करतात. बाटलीवरची मुदतही बघा.

परतताना पारोळ्याजवळ खिळा घुसला, तोही नव्याच टायरमध्ये. मी हसायलाच लागलो. टपरीवाल्या काकांनी चाक न काढता जागेवरच पट्टी मारली, दहा मिनिटांत. शंभर म्हणाले, मी दीडशे दिले.