मी काय बोलले गं?

माझी भाची यंदा कॉलेजच्या एकांकिकेत आहे आणि गेल्या रविवारी तिने मला नौपाड्यात तालमीला बोलावलं, मावशी तू ये आणि बघून खरं खरं सांग म्हणाली. गोष्ट एका मुलीची आहे जिच्या आत दोन जणी राहतात. एक घाबरट, खाली मान घालून बोलणारी आणि दुसरी सुरा घेऊन फिरणारी. आता एकीची दुसरी झाली हे कळणार कसं, तर मानेला एक झटका, केस तोंडावर, लाल स्पॉट आणि आवाज एकदम खर्जात. पोरगी काम छान करते, मी उगाच नावं ठेवत नाहीये, हॉलमधली सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. मला मात्र आमच्या चरईच्या चाळीतल्या काकू आठवत होत्या.

काकूंच्या अंगात यायचं. नवरात्रात आरती सुरू झाली की त्या घुमायला लागायच्या, बायका पुढे होऊन हळदकुंकू लावायच्या, पाया पडायच्या, प्रश्न विचारायच्या, आणि एरवी सासूसमोर तोंड न उघडणाऱ्या काकू त्या वेळात काय काय बोलायच्या! इथपर्यंतचं कुठल्याही सिनेमात मिळेल. मला आठवतं ते पुढचं. आरती संपायची, गर्दी पांगायची, कोणीतरी तांब्याभर पाणी आणून द्यायचं. काकू पदराने तोंड पुसायच्या, मग हाताकडे बघायच्या. बांगडी फुटलेली असायची. खाली वाकून काचा एकेक करून वेचायच्या, दोन्ही हातातल्या उरलेल्या बांगड्या मोजायच्या आणि शेजारच्या बाईला हळूच विचारायच्या, "मी काय बोलले गं?" आणि ती बाई म्हणायची, काही नाही हो, देवी होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन, बाजूलाच बसलेली असायचे, मला सगळं ऐकू आलेलं असायचं आणि मीही काही सांगायचे नाही.

काकूंना आजार होता असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वावर जे काही वाचत आले त्यात सारखी त्यांचीच गोष्ट भेटत राहिली. मानसिक आजारांचं जे अमेरिकन मॅन्युअल आहे, डीएसएम, त्यात १९९४ मध्ये मल्टिपल पर्सनॅलिटी हे नाव बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर केलं, आणि २०१३ च्या आवृत्तीत तर काही समाजांमध्ये हाच अनुभव अंगात येण्याच्या रूपात दिसतो असं स्पष्ट लिहिलंय. अर्थात धार्मिक रीत म्हणून मान्य असलेलं अंगात येणं त्यात धरत नाहीत, त्या माणसाला त्रास होत असेल, रोजचं जगणं अडत असेल तरच आजार. आणि आजाराची मोठी खूण कुठली, तर आठवणीतली भोकं. मधले तास गायब असतात. बदल तर कित्येकदा इतका बारीक असतो की समोरच्याला कळतही नाही, मानेला झटका बिटका काही नाही.

पण कथा-सिनेमाला झटकाच हवा असतो. १८८६ मध्ये जेकिल आणि हाइडची इंग्रजी गोष्ट आली तेव्हापासून साचा ठरलेला आहे, एक सज्जन आणि एक राक्षस. १९६० च्या सायको सिनेमाने त्या राक्षसाच्या हातात सुरा दिला तो अजून खाली ठेवलेला नाही. आपल्याकडे टीव्हीवर दुपारी लागणारा अपरिचित घ्या, मूळ तमिळ २००५ चा, त्यात एका भिडस्त वकिलाच्या आत एक जण आहे जो गरुडपुराणातल्या शिक्षा देत लोकांना मारतो. विक्रमने काम जबरदस्त केलंय, प्रश्नच नाही. मला वाटतं गोम तिथेच आहे, नटासाठी हा रोल म्हणजे सोन्याची खाण. आपण मराठी माणसं तर एका नटाने पाच रूपं घेतली की जीव ओवाळून टाकतो, तो मी नव्हेच १९६२ पासून फिरत्या रंगमंचावर त्याच जोरावर चाललं. पण लखोबा लोखंडेला सगळं ठाऊक असतं! तो लुच्चा आहे, वेष बदलतो, खोटं बोलतो आणि आठवणीत ठेवतो. ज्याला हा आजार आहे तो "तो मी नव्हेच" म्हणाला तर ते खरं असतं आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ही दोन टोकं आहेत आणि आपण दोन्हीला एकाच टाळीत बसवतो.

थ्री फेसेस ऑफ ईव्ह नावाचा १९५७ चा सिनेमा आहे, तो खऱ्या बाईवर, तिच्यावर उपचार करणाऱ्या दोन डॉक्टरांच्या पुस्तकावरून. एका बाईत तिघी, शेवटी शहाणी जेन तेवढी उरते, नवीन लग्न, मुलगी परत कुशीत, संपलं. नायिकेचं काम करणाऱ्या जोआन वुडवर्डला ऑस्कर मिळालं. आणि खरी बाई? तिचं नाव ख्रिस कॉस्टनर साइझमोर. तिने १९७७ मध्ये स्वतः पुस्तक लिहून सांगितलं की ती ईव्ह मी, तिघी नव्हत्या, वीसच्या वर होत्या, आणि सिनेमात मी बरी झाले तेव्हा मी बरी झालेलीच नव्हते. म्हणजे जगभर लोक तिच्या सुखान्तावर डोळे पुसत घरी जात होते आणि ती बाई पुढची कित्येक वर्षं रोज सकाळी उठून मी आज कोण याच्याशी झगडत होती. ती २०१६ पर्यंत जगली. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, कारण सिनेमाने तिला नेमकं तेच केलं जे चाळीतल्या बायकांनी काकूंना केलं, तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आणि तिलाच कोणी विचारलं नाही.

भूलभुलैया मला आवडतो, मूळ १९९३ च्या मल्याळम सिनेमापासून ते २००७ च्या हिंदीपर्यंत त्या गोष्टीचं मोठेपण हे की भुताखेताच्या हवेलीत शेवटी मानसोपचार डॉक्टरचं म्हणणं खरं ठरतं, मांत्रिकाचं नाही. आपल्या देशात ही लहान गोष्ट नाही. पण तिथेही एका रात्रीत नाटक रचलं आणि बाई बरी. खऱ्यात वर्षानुवर्षं बोलत बसावं लागतं डॉक्टरसमोर, आजार पुसून टाकणारी गोळी नाही, आणि मुळाशी बहुतेकदा लहानपणी वारंवार झालेला छळ असतो. सुरा दुसऱ्यावर चालवण्याचं म्हणाल तर त्याच डीएसएममध्ये लिहिलंय की उपचाराला येणाऱ्या या रुग्णांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी कधी ना कधी स्वतःचाच जीव घ्यायचा प्रयत्न केलेला असतो. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

आणि कृपा करून याला स्किझोफ्रेनिया म्हणू नका, बातम्यांत पण म्हणतात. तो वेगळा आजार, भास होतात, संशय येतो, माणूस एकच असतो. देवराई बघा, २००४ चा, अतुल कुलकर्णीचा, म्हणजे कळेल की सुऱ्याशिवाय पण गोष्ट सांगता येते आणि घरातल्यांचं काय होतं तेही दिसतं.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे सगळं जरा जास्तच लागतं. गावाला गेलं की "ठाण्याहून आलीस? कधी सोडलं?" हे ऐकलंय ना प्रत्येकाने? मुलुंड सोडून गाडी ठाण्यात शिरताना मेंटल हॉस्पिटलची जागा येते, आता तिथल्या जमिनीवर नवीन स्टेशन व्हायचंय, आणि डब्यात अजूनही कोणीतरी कोणाला तरी म्हणतं, उतर, तुझं आलं. आत माणसं आहेत. कोणाची तरी आई आहे, भाऊ आहे.

तर तालमीनंतर चहा घेताना मी पोरांना काकूंची गोष्ट सांगितली. दिग्दर्शक मुलगा मला म्हणाला, स्विच नंतरचा सीन स्लो होईल, दोन मिनिटं काहीच घडत नाही. मी म्हटलं अरे तेव्हाच तर सगळं घडतं, तिला कळतच नाहीये आपल्या हातून काय झालं आणि समोरचे सगळे तोंड फिरवून बसलेत, यापेक्षा भीतीदायक काय पाहिजे तुला. त्याला पटलं का नाही कळेना, मान हलवली फक्त.

काल रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. लाल स्पॉट काढलाय म्हणाली, झटका पण, सुरा अजून आहे, त्याच्यावर भांडण चालू आहे. ती खाली बसते, काचा वेचते, बांगड्या मोजते, असं करून बघितलं आणि म्हणे हॉलमध्ये कोणी हललं नाही. मग म्हणाली, मावशी, काकूंच्या बांगड्या कुठल्या रंगाच्या होत्या?

हिरव्या, मी म्हटलं. आणि डाव्या हातात एक कमी.