वर्षाची चटणी डंकावरनं आली, आता हिशोब

मंडळी, घरखर्चाच्या नोंदीत यावेळी भाजीपाला बाजूला, कारण अख्खा उन्हाळा चटणीनंच खाल्लाय. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, आणि तो वर्षाचा एकदम करून ठेवायचा. डंक म्हणजे मसाला कुटून देणारं यंत्र.

माप आईचंच धरलं. देठ काढून १ किलो मिरची, त्यात ब्याडगी जास्त आणि संकेश्वरी कमी, १ किलो कांदा, अर्धा किलो सुकं खोबरं, पाव किलो लसूण, पाव किलो धणे, मग तीळ, जिरं, खसखस, खडा मसाला आणि खडेमीठ. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी झटक्याला. मिरची कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातनं घेतली, आणि घेताना एक बघायचं, मिरची हातात मोडली की कटकन आवाज आला पाहिजे, वाकली तर तिच्यात ओल आहे म्हणजे पाण्याचे पैसे तुम्ही देताय. देठाचं वजनही जातंच, त्यामुळं बिनदेठाची थोडी महाग दिसली तरी भाव दोन्हीकडचा काढून बघा.

सगळ्यात वेळ खातो तो कांदा. उभा पातळ चिरून आधी उन्हात चांगला सुकवला आणि मग तेलात तळला, थेट ओला तळायला घेतला तर तेलही जास्त पितो आणि गॅसही. तळून गार झाल्यावर बोटानं चुरला की कुरकुरीत चुरा व्हायला पाहिजे, कारण चटणीला बुरशी धरते ती ह्याच ओलीमुळं. डंकावर आधी मिरची आणि खडा मसाला कुटून चाळून घेतात, कांदा-लसूण-खोबरं शेवटी घालतात, मग खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणी जरा ओलसर, गडद दिसायला लागते. तिथं उभं राहायचं तर तोंडाला रुमाल बांधूनच जायचं, ठसका असा लागतो की बोलायची सोय नाही. घरी आणल्यावर पूर्ण गार करून बरणीत दाबून भरली, वर हिंगाचे खडे, आणि रोजच्या वापराची वेगळ्या डब्यात, म्हणजे ओला चमचा मोठ्या बरणीत जात नाही.

आता स्वस्त पडते का? किलोमागं बघितलं तर फार नाही ओ. चांगली मिरची, खोबरं, खसखस, तेल, गॅस, डंकाची मजुरी सगळं धरलं की विकतच्या चटणीच्या आसपासच जातंय. पैसे वाचतात ते दुसरीकडं. घरात ही बरणी असली की बाहेर खायला जायचं निमित्तच संपतं. रात्री कंटाळा आला तर भाकरी, चटणी, वर कच्चं तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, झालं जेवण. आमटी, पातळ भाजी, अंडा रस्सा, कशालाही वेगळं वाटण लागत नाही, टोमॅटो महागला तरी फोडणी अडत नाही.

आणि मिसळ! चौघांनी बाहेर मिसळ खायची म्हणजे पाव, जादा कट (वरचा तिखट रस्सा), वर ताक, बिल बघून घास अडकतो. घरी १ वाटी मटकीला मोड आणले की अडीच वाट्यांच्या पुढं जाते, मोडाची मटकी शिजतेही लवकर. कटासाठी तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, थोडं थांबून मग चटणी टाकायची आणि लगेच गरम पाणी ओतायचं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यापेक्षा तेलात उतरतात, म्हणून तेल फार कमी केलं तर तर्री, म्हणजे वरचा लाल तवंग, येतच नाही, पण आचेवर चटणी टाकली तर करपून कडू होते. फरसाण मात्र विकतच आणतो, घरी तळायच्या नादाला लागलो नाही, तेलाचा खर्च बघता ते परवडतच नाही.

गॅसचंही थोडं बसलंय. पहिली शिट्टी झाली की आच बारीक, कडधान्य रात्रीच भिजत, आणि डाळ-भात एकाच कुकरात डब्यांत. सिलिंडर १४.२ किलोचाच, पण पहिल्यापेक्षा बरेच दिवस जास्त पुरायलाय, तरी नेमका फरक सांगायला अजून एखादा सिलिंडर संपू दे.

पुढं पांढऱ्या रश्श्याच्या मागं लागायचंय, पण काजू न घालता, नुसत्या खसखस, तीळ आणि नारळाच्या दुधावर. कुणी तिळाचं प्रमाण वाढवून केलाय का? कडवट लागतो का ते सांगा, मटण आणायच्या आधी.